सक्पाटाचा ताल आणि कोतोनूच्या तबकड्या

सोमवार, रात्री

झोपण्याआधी एकच गाणं, म्हणून लावलं आणि साडेबारा वाजले. ऑर्केस्त्र पॉली-रिथ्मो द कोतोनू. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनमधल्या कोतोनू शहराचा बँड, मेलोमे क्लेमाँ यांनी १९६८ मध्ये उभा केलेला. तेव्हा त्या देशाचं नाव दाहोमे होतं.

पहिल्यांदा ऐकताना वाटतं, हे तर अमेरिकन फंक गायक जेम्स ब्राऊनचं वेड लागलेलं पोरांचं टोळकं. गिटारची तुटक तुटक खरड, मध्येच चिरकणारा ऑर्गन, आणि गायक ‘फोन’ नावाच्या तिथल्या भाषेत असा ओरडतो की शेजारी बेल वाजवतील. पण हेडफोन लावून फक्त तालाकडे लक्ष दिलं की खाली वेगळंच काही चाललेलं कळतं. ड्रम्स अमेरिकेच्या रस्त्यानं निघालेत आणि लोखंडी घंटा भलत्याच वाटेला. तरी कुणी कुणाच्या पायात येत नाही.

त्या घंटेचा हिशेब आज बोटांवर मांडून पाहिला. बेनिन, टोगो, घानाच्या किनारपट्टीवर सगळीकडे ऐकू येणारा एक जुना ठेका आहे: बारा बारीक मात्रा, त्यांत सात ठोके. ठोक्याठोक्यातलं अंतर दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. टाळ्या देत मोजायला गेलं की कळतं, यात सम कुठे धरायची हा प्रश्नच आपला आहे, त्यांचा नाही. नाचणारा जिथे पाय टाकेल तिथे सम. आमच्या तबल्याच्या बाईंना हे अजिबात आवडलं नसतं.

काही ध्वनिमुद्रणं ऐकताना खोली ऐकू येते. म्हणजे अक्षरशः खोली: भिंती, गर्दी, घाम. त्या काळात कोतोनूतल्या छोट्या रेकॉर्ड कंपन्यांसाठी बँड कुणाच्या तरी घरातच वाजवायचा आणि नाग्रा नावाच्या स्विस टेपरेकॉर्डरवर ते उतरवलं जायचं. आल्बारिका स्टोअर या मोठ्या कंपनीसाठी मात्र सीमा ओलांडून नायजेरियात, लागोसच्या ईएमआय स्टुडिओत जात. तिथलं काम जास्त नेटकं आहे. मला घरातलं आवडतं.

बुधवार

दिवसभर ऑफिसात डोक्यात एकच गोष्ट: सक्पाटा.

पॉली-रिथ्मोनं नुसतं फंक वाजवलं नाही. वोदून या तिथल्या जुन्या धर्माच्या विधींतले ताल त्यांनी इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमसेटवर आणले. त्यातला एक सातो. मृतांच्या स्मरणविधीतला. मूळ विधीत माणसाच्या उंचीचा उभा ढोल असतो, आणि वादक त्याच्याभोवती फेर धरत काठ्यांनी तो बडवतात. दुसरा सक्पाटाचा. सक्पाटा हा भूमीचा देव, आणि देवीच्या रोगाचाही. जमीन त्याची, म्हणून धान्य त्याचं. तो कोपला की खाल्लेलं धान्यच अंगावर दाण्यादाण्यांनी उगवतं, असं तिथे मानत आले. अबोमे ही जुन्या दाहोमे राज्याची राजधानी; तिथल्या राजांना या देवाची इतकी धास्ती होती की त्यांनी त्याच्या पुजाऱ्यांना एकाहून अधिक वेळा हाकलून लावलं. ‘भूमीचा धनी’ म्हणवणारा आणखी कुणी असणं कोणत्या राजाला चालेल?

हे वाचलं तेव्हा मला परकं काहीच वाटलं नाही. आपल्याकडे शितळामाय आहे, माहीमला तिचं देऊळ आहे. घरात कुणाला देवी आल्या की दाराला कडुनिंबाचे डहाळे लागायचे, फोडणीचा वास बंद व्हायचा, आणि आजारी माणसाशीसुद्धा पाहुण्यासारखं अदबीनं बोलायचे. आईच्या दंडावर लशीचा वण आहे, कडेनं जरा सुरकुतलेला. लहानपणी मी त्यावर बोट फिरवत बसायचो.

आता तारखा जुळवून पाहा. पश्चिम आफ्रिकेत देवीचे शेवटचे रुग्ण १९७० मध्ये नायजेरियात सापडले. भारतात १९७५ मध्ये. सगळ्या जगातून रोग गेल्याची घोषणा १९८० मध्ये झाली. आणि पॉली-रिथ्मोची ही ध्वनिमुद्रणं नेमकी सत्तरच्या दशकातली. रोग चालला होता आणि त्याच्या देवाचा ताल बारमध्ये, लग्नांत, रेडिओवर शिरत होता. भीती उतरली म्हणून लोक त्या तालावर बिनधास्त नाचू लागले, असं म्हणायचा मोह होतो. पण सक्पाटा नुसता रोगाचा देव कधीच नव्हता. पाऊसपाणी, पेरणी, जमीन हे सगळं त्याच्याकडेच राहिलं. लशीनं त्याचं एक खातं काढून घेतलं, एवढंच.

काळही मोठा विचित्र. १९७२ मध्ये मातिऊ केरेकू लष्कराच्या बळावर सत्तेवर आला, १९७४ मध्ये देश मार्क्सवादी झाल्याचं त्यानं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी नावही बदललं. सरकारनं चेटूक आणि ‘सरंजामी’ चालीरीतींविरुद्ध मोहीम उघडली, त्यात वोदूनचे पुजारीही भरडले गेले. त्याच शहरात, त्याच वर्षांत, हा बँड सातोच्या तालावर तबकड्या काढत होता. बंडखोरी म्हणून नव्हे, असं मला वाटतं. लोकांना नाचायला तेच हवं होतं.

रविवार

आज या सगळ्याच्या ‘पुनर्शोधा’बद्दल जरा चिडचिड झाली.

गोष्ट खरी आहे. फ्रँकफर्टच्या अ‍ॅनालॉग आफ्रिका या रेकॉर्ड कंपनीचा सामी बेन रेजेब बेनिनमध्ये जाऊन धुळीतल्या तबकड्या उपसत बसला, वादकांना गाठून त्यांच्याशी बोलला, आणि २००८ पासून त्यांचे संग्रह निघू लागले. तो राबला नसता तर मी इथे बसून हे ऐकलं नसतं, हे मान्य. बँडलाही फायदा झाला: २००९ मध्ये म्हाताऱ्या मंडळींनी युरोपात कार्यक्रम केले, २०११ मध्ये ‘कोतोनू क्लब’ हा नवा अल्बम आला. गिटारवाला पापियों आणि ड्रमर लेओपोल्ड येहुएसी मात्र ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच गेले होते, त्यांना यातलं काही दिसलं नाही. क्लेमाँ यांना दिसलं, आणि २०१२ च्या डिसेंबरात तेही गेले.

पण ‘विसरलेलं संगीत’ म्हणजे कोण विसरलं? तबकड्या विसरल्या गेल्या, हे ठीक. प्लास्टिकच ते, तडकतं, वाकतं. ताल कुठे विसरला गेला? अबोमेकडे मयताच्या विधींत आजही झिनली वाजतो, आणि गायक आलेक्पेहानू यांनी त्याच तालावर आयुष्यभर गाणी केली. पोर्तो-नोवोचे सागबोहान दानियालू तर अनेक वाद्यं वाजवणारे, आणि तिथे त्यांना न ओळखणारा माणूस सापडायचा नाही. वीदामध्ये जन्मलेली अँजेलिक किजो जगभर गाते. वोदूनसाठी जानेवारीत राष्ट्रीय सुट्टी असते. तेव्हा वीदाच्या समुद्रकिनाऱ्यावर, जिथून माणसं गुलाम म्हणून जहाजांत कोंबली गेली तिथेच, लोक ढोल घेऊन जमतात. ही माणसं काही कुणी शोधून काढायची वाट बघत बसलेली नाहीत.

आणि त्यात बाहेरच्या जाहिरातींमधला तो ‘वूडू’, वोदूनचं बाहेर पडलेलं नाव! कवट्या, टाचण्या टोचलेल्या बाहुल्या, भुतांचा धूर. एखाद्यानं संबळ आणि तुणतुण्याच्या रेकॉर्डवर रक्ताळलेल्या कुऱ्हाडीचं चित्र छापावं तसला प्रकार. अ‍ॅनालॉग आफ्रिकाच्या आल्बमांत निदान वादकांचे फोटो आणि त्यांच्या मुलाखती असतात. बाकीच्यांची गंमत अशी की वोदून गुलामांबरोबर जिथे पोचला त्या हैतीवर बेतलेल्या अमेरिकन सिनेमातली भीती उचलायची आणि ती मूळ घरी नेऊन चिकटवायची.

दुपारी आई खोलीत आली, थोडं ऐकलं आणि म्हणाली, “हे काय, गोंधळ लावलायस का?” मी हेडफोन काढून स्पीकर लावला. तिनं दोन मिनिटं ऐकून निकाल दिला: ढोल चांगला आहे, पण गाणारा उगाच ओरडतोय. मग भांडी घासायला गेली आणि जाताना “बंद नको करू” म्हणाली.

उद्यापासून दानियालू. एका वेळी एकच ताल समजून घ्यायचा असं ठरवलंय, नाहीतर बारा मात्रांतले सात ठोके ऑफिसच्या मीटिंगमध्येही टेबलावर वाजत राहतात आणि समोरचे लोक बघतात.