उतारा फाटला, शेत जागेवर आहे: पुसलेलं पार्टिशन टेबल

पेनड्राइव्हवर लिनक्सची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) चढवताना एसडीबी म्हणजे पेनड्राइव्हऐवजी एसडीए म्हणजे मुख्य डिस्क टाईप होतं. किंवा विंडोज 'डिस्क इनिशियलाइझ करायची का' विचारतं आणि सवयीचं बोट ओके दाबून मोकळं होतं. मग बेळगाव-खानापूरकडे तोच सूर: "काय ओ, डिस्क कोरीच झाली की!"

कोरी नसते. पार्टिशन टेबल म्हणजे डिस्कवरचं कोणतं पार्टिशन (भाग) कुठून कुठपर्यंत आहे याचा सातबारा उतारा. उतारा फाटला म्हणून शेत कुठं जात नाही. जुन्या एमबीआर पद्धतीत हा उतारा पहिल्या सेक्टरमधल्या (सेक्टर म्हणजे डिस्कचा लहानसा तुकडा) जेमतेम ६४ बाइटांत मावतो: ४ नोंदी, प्रत्येकी १६ बाइट. आयएसओचं मात्र वेगळं. ती ४ जीबीची असेल तर डिस्कच्या सुरुवातीचा तेवढा भाग खरोखरच गेला. त्यापुढचं पार्टिशन शाबूत.

लिनक्स चालू असेल तर घाईनं रीस्टार्ट करू नका. पार्टिशन माउंट (वापरात उघडं) असेपर्यंत कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सहसा जुनंच टेबल धरून बसतं. सिस फोल्डरमध्ये, ब्लॉकखाली, प्रत्येक पार्टिशनच्या 'स्टार्ट' आणि 'साइझ' फाइलीत आकडे मिळतात, ५१२ बाइटांच्या सेक्टरांत. कागदावर उतरवा, मगच मशीन बंद करा. विंडोजने फॉरमॅट करू का विचारलं तर कॅन्सल. एसएसडीवर क्विक फॉरमॅट झाला तर ट्रिममुळे (रिकाम्या जागा साफ करायची एसएसडीला जाणारी सूचना) डेटा बहुधा कायमचा जातो. नुसतं टेबल गेलं असेल तर तेवढी भीती नाही.

आता पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, दुसऱ्या डिस्कवर. डीडीरेस्क्यू या नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला मॅप फाइल (झालेल्या कामाची नोंद) द्या, म्हणजे पावसात लाईट गेली तरी काम थांबलं तिथून पुढे चालू होतं. १ टीबीला सेकंदाला १०० एमबीच्या वेगानं पावणेतीन तास लागतात. यूएसबी २ च्या पोर्टला लावली तर आठ-नऊ. इमेज ठेवायची डिस्क फॅट३२ नको, तिथं ४ जीबीला फाइल अडते.

डिस्क जीपीटी (एमबीआरनंतरची नवी पद्धत) असेल तर नशीब चांगलं: टेबलची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटच्या ३३ सेक्टरांत असते. जीडिस्क या प्रोग्राममध्ये 'आर', मग 'बी' आणि 'सी'नं ती प्रत उचला. 'पी'नं यादी बघा, 'व्ही'नं तपासा, पटली तरच 'डब्ल्यू'नं लिहा. विंडोजने जीपीटी म्हणून इनिशियलाइझ केली असेल तर दोन्ही टोकांना नवं रिकामं टेबल बसलेलं असतं, तिथं हा उपाय नाही.

मग टेस्टडिस्क हा प्रोग्राम. ते बांधाचे दगड शोधत फिरल्यासारखं फाइलसिस्टिमच्या खुणा शोधतं. अ‍ॅनालाइज, क्विक सर्च, आणि सापडलेल्या प्रत्येक पार्टिशनवर 'पी' दाबून फाइली दिसतात का बघा. डीपर सर्चमध्ये तीन वर्षांपूर्वी पुसलेली पार्टिशनंही वर येतात, एकमेकांवर चढलेली. सगळी घेतली की 'स्ट्रक्चर बॅड' येतं. ज्यात आजच्या फाइली दिसतात तीच ठेवा. अलीकडच्या डिस्कवर पहिलं पार्टिशन बहुतेक २०४८व्या सेक्टरपासून सुरू होतं, ते ताडून मगच राइट. एनटीएफएसचा बूट सेक्टर खराब असेल तर त्याची प्रत पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरला असते; 'अ‍ॅडव्हान्स्ड'मधून ती पुढे आणता येते.

एक फसवी गोष्ट. डिस्क बसवायच्या काही यूएसबी केस २ टीबीवरच्या डिस्कचे सेक्टर ४०९६ बाइटांचे दाखवतात. तीच डिस्क थेट मशीनच्या आतल्या साटा पोर्टला जोडली की टेबल गायब वाटतं. तिथं रिकव्हरी नको, जुनी केस परत लावा.

फोटोरेक, म्हणजे टेबल न बघता नुसत्या फाइली उकरून काढणारा प्रोग्राम, सगळ्यात शेवटी. त्यात फाइलींची नावं आणि फोल्डर जातात. लग्नाच्या फोटोग्राफरला चार हजार चित्रांच्या ढिगातून हळद वेगळी आणि अक्षता वेगळ्या हातानं निवडाव्या लागतात.