२१४७४८३६४७ आणि ऑयलरची युक्ती

कोडिंग करणाऱ्याला हा आकडा तोंडपाठ असतो, ३२ बिटच्या चिन्हासकट इंटीजरमध्ये (कॉम्प्युटर ३२ शून्य-एकांत साठवतो त्या अधिक-वजा पूर्णांकात) मावणारी सगळ्यात मोठी संख्या, तिच्यात १ मिळवला की बऱ्याच ठिकाणी थेट वजा २१४७४८३६४८ येतं. मी पण कित्येक वर्षं तिच्याकडे फक्त लिमिट म्हणूनच बघत होते. ती मूळ संख्या आहे हे फार उशिरा कळलं.

२ चा ३१ वा घात, त्यातून १ वजा. अशा संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. ही मूळ आहे हे गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये दाखवलं, तेही नजर जवळजवळ पूर्ण गेलेली असताना. सरळ मार्गाने जायचं तर वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ४६३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं आणि त्या पावणेपाच हजारांच्या वर आहेत!

पण खरी गंमत अशी की मर्सेन संख्येला वाटेल त्या मूळ संख्येने भाग जाऊच शकत नाही, ठरावीक प्रकारच्याच चालतात. छोटं उदाहरण घ्या, २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ती आहे २३ गुणिले ८९. आता २ चे घात २३ ने भागत जा आणि नुसती बाकी लिहा: २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, १. अकराव्या पायरीला १ आला, म्हणजे चक्र ११ चं. गणितज्ञ फर्माचा नियम सांगतो की मूळ संख्येहून एकने कमी, म्हणजे इथे २२ व्या घाताला बाकी १ यायलाच हवी, म्हणून २२ मध्ये ११ ची चक्रं पूर्ण बसलीच पाहिजेत. म्हणजे विभाजकातून १ वजा केला की उरलेल्याला ११ ने भाग जातो, आणि ती संख्या सम असते म्हणून २२ नेही जातो. ८९ चं पण तेच, ८८ अधिक १.

आपल्या संख्येत ११ च्या जागी ३१, म्हणून विभाजक ६२ च्या पाढ्याच्या एक पुढे. शिवाय त्याला ८ ने भागलं की बाकी १ किंवा ७ च यायला हवी. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ येणारेच उरतात, मग फार तर ३७२ भागाकार. केवढं ओझं उतरलं बघा.

याच संख्येवर पुढे रँडम नंबर काढायची एक पद्धत उभी राहिली, दर वेळी १६८०७ ने गुणायचं आणि हिने भागून बाकी घ्यायची, की १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदाच येते आणि मगच चक्र पुन्हा सुरू होतं. मूळ असल्याशिवाय हे जमलंच नसतं.

काल रात्री वही घेऊन बसले. ६३, २४९ लगेच बाद, मूळच नाहीत. ३११ ने भागलं, बाकी ३५. मधल्याही मूळ नाहीत, मग थेट १३०३, बाकी २२६.