लीड्सची काकू आणि बिएल्सा

कोल्हापुरात फुटबॉलचा प्रशिक्षक कुणाच्या ध्यानात राहत नाही. खेळाडू राहतात. कुणी शाहू स्टेडियमवर मधल्या रेषेपासून मारलेला गोल, कुणाचा डावा पाय, शेवटच्या मिनिटाला पंचांनी न दिलेली पेनल्टी, हे सगळं मिरजकर तिकटीला चहा पीत उभी असलेली माणसं इतक्या तावातावानं सांगतात की वाटावं मॅच कालच झाली. पण संघ घडवला कुणी, असं विचारून बघा. आमचे पप्पा तरुणपणी पेठेतल्या एका तालमीचे गोलकीपर होते. त्यांना एकदा विचारलं, तुमचा कोच कोण होता? म्हणाले, "होता की एक. शिट्टी वाजवायचा. हरलो की बदलायचा."

अशा घरातून मी २०१८ च्या सप्टेंबरात इंग्लंडमधल्या लीड्सला शिकायला गेले. काकांचे इचलकरंजीत माग आहेत, घरातल्या कुणीतरी कापडाचं रीतसर शिकावं असं चाललेलं, आणि लीड्स हे मूळचं लोकरीच्या धंद्यावर मोठं झालेलं शहर. विद्यापीठातला वस्त्रोद्योगाचा विभाग नावाजलेला. फुटबॉलसाठी गेलेच नव्हते. पण खोलीभाडं भागेना म्हणून लीड्स युनायटेड या फुटबॉल क्लबच्या एलंड रोड स्टेडियमवर मॅचच्या दिवशी खाण्याच्या स्टॉलवर काम धरलं. पाय (आत मांस भरलेली भाजकी पेस्ट्री), चहा, बोव्हरिल नावाचा एक खारट काळा रस्सा (आपल्या तांबड्या रश्श्यापुढे त्याचं नाव काढू नये). मैदान दिसायचं ते जिन्याच्या फटीतून, हिरवा चौकोन तेवढा. बाकी मॅच मी कानांनीच बघितली.

माझ्यासोबत साठी ओलांडलेल्या एक बाई होत्या. त्यांचं नाव लिहीत नाही, काकू म्हणते. काकूंनी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून डॉन रेव्ही या प्रशिक्षकाचा लीड्सचा संघ बघितलेला, १९६९ आणि १९७४ साली इंग्लंडचा विजेता झालेला. १९९२ ला पुन्हा विजेतेपद. २००१ साली युरोपातल्या बड्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी. मग कर्ज. ऐपतीबाहेरचे खेळाडू घेतले होते, ते एकेक करून विकावे लागले. २००४ ला वरच्या लीगमधून खाली, २००७ ला आणखी खाली तिसऱ्या पायरीवर, तिथे वर पंधरा गुणांची कपात. २०१० ला दुसऱ्या पायरीवर आले ते तिथेच रुतले. मालक बदलले, प्रशिक्षक तर इतके बदलले की काकूंना त्यांचा क्रम लागत नसे. हे ऐकताना मला अगदी घरी आल्यासारखं वाटायचं.

आणि या क्लबात त्या वर्षी जूनमध्ये मार्सेलो बिएल्सा प्रशिक्षक म्हणून आलेला. अर्जेंटिनातल्या रोसारिओचा, बासष्ट वर्षांचा. ज्याच्या नावाचं स्टेडियम त्याच्या हयातीत त्याच्या गावात उभं आहे असा माणूस, इंग्लंडच्या दुसऱ्या पायरीवर आदल्या वर्षी तेराव्या आलेल्या संघाकडे. इंग्रजी बोलत नसे, दुभाषा लागायचा. अंगात कायम क्लबचाच ट्रॅकसूट. मॅच चालू असताना डगआउटमध्ये, म्हणजे राखीव खेळाडूंच्या बाकांवर, बसायचा नाही, बाहेर एक निळी बादली उपडी घालून तिच्यावर बसायचा, नाहीतर उकिडवा. राहायला वेदरबी गावात छोटासा फ्लॅट. तिथून सरावाच्या मैदानापर्यंत पाठीला सॅक लावून चालत जायचा. गावातल्या सुपरमार्केटमध्ये लोकांना तो पिशवी घेऊन भेटायचा, फोटोला उभा राहायचा. काकूंच्या भाचीचाही तसा एक फोटो होता. तो काकूंनी मला इतक्यांदा दाखवला की भाचीच्या मागच्या फळीवरची बिस्किटंसुद्धा मला पाठ आहेत.

पण लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं ते या साधेपणासाठी, असं जे म्हणतात ते मला अर्धंच पटतं. साधी माणसं पुष्कळ असतात. काकू वेगळंच सांगायच्या. आल्या आल्या त्याने विचारलं म्हणे, आपलं तिकीट काढायला इथल्या साध्या माणसाला किती वेळ काम करावं लागतं? उत्तर आलं, तीन तास. मग त्याने खेळाडूंना तीन तास सरावाच्या मैदानाभोवतीचा कचरा गोळा करायला लावलं. ही गोष्ट तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आली होती. काकूंचा नवरा आयुष्यभर छापखान्यात पाळ्या करून हंगामाचं तिकीट काढायचा. "आमचे तास कुणीतरी मोजले," एवढंच काकू म्हणायच्या आणि गिऱ्हाइकाकडे वळायच्या.

तास तो मैदानावरही मोजून घ्यायचा. त्याच्या संघात प्रत्येकाला एक माणूस नेमून दिलेला, तो जाईल तिथे त्याच्या मागे जायचं, मैदानभर. चेंडू सुटला की सगळ्यांनी एकदम पुढे. याला फुप्फुसं लागतात. खेळाडूंची रोज वजनं व्हायची. बुधवारी एक सराव असायचा, त्यात शिट्टीच नाही: चेंडू बाहेर गेला की दुसरा आत, फाउल नाही, थांबणं नाही. खेळाडू त्याला मर्डरबॉल म्हणायचे. गंमत म्हणजे आदल्या वर्षी तेराव्या आलेल्या संघातलीच बरीचशी पोरं होती. लीड्सच्याच वॉर्टली भागातला कॅल्विन फिलिप्स तोवर मधल्या फळीतला बरा खेळाडू एवढाच होता. बिएल्साने त्याला बचावापुढे उभा केला आणि तो पुढे २०२१ च्या युरो स्पर्धेत इंग्लंडकडून अंतिम सामन्यापर्यंत खेळला.

जानेवारी २०१९ मध्ये भानगड झाली. बिएल्साचा एक माणूस डर्बी या प्रतिस्पर्धी क्लबच्या सराव मैदानाबाहेर टेहळणी करताना सापडला. बिएल्साने पत्रकार बोलावले. सगळ्यांना वाटलं राजीनामा देतोय. त्याने पडद्यावर तासाभराहून जास्त वेळ डर्बीच्या खेळाचं इतकं बारीक विश्लेषण दाखवलं की पत्रकार गार. म्हणणं असं, की हे सगळं मला आधीच ठाऊक होतं, माणूस पाठवतो तो केवळ माझ्या जिवाची घालमेल थांबावी म्हणून. क्लबला दोन लाख पौंडांचा दंड झाला, तो त्याने स्वतःच्या खिशातून भरला. मी फोनवर पप्पांना सांगितलं. पप्पा म्हणाले, "चोरून बघितलं ते बघितलं, वर सगळ्यांना दाखवलं पण? लई भारी माणूस हाय."

एप्रिलमध्ये मात्र पप्पांचं मत फिरलं. अॅस्टन व्हिलाशी मॅच, वर जायची शर्यत शेवटच्या टप्प्यात. व्हिलाचा एक खेळाडू मैदानावर पडलेला, ते थांबले, लीड्सच्या पोरांनी चेंडू बाहेर मारायच्या ऐवजी गोल केला. मी स्टॉलवर होते. आधी गोलाचा आवाज, मग भांडणाचा, मग शिट्ट्या. आणि मग कधी ऐकला नव्हता असा आवाज: हजारो माणसं एकदम काही कळेनासं झाल्यावर करतात तसा. बिएल्साने आपल्या संघाला ओरडून सांगितलं होतं की गोल परत द्या. व्हिलाचा अडोमा चेंडू घेऊन निघाला, सगळे बाजूला उभे, फक्त लीड्सचा यान्सन हा एक बचावपटू मध्ये घुसून अडवायला बघत होता. गोल झाला. १-१. पुढे त्या वर्षीचा फिफाचा फेअर प्ले पुरस्कार याच प्रसंगासाठी मिळाला.

"आमच्या पेठेत असा गोल दिला असता," पप्पा म्हणाले, "तर कोचला रंकाळ्यात नेऊन बुडवला असता. आणि बरोबरच केलं असतं."

मी यान्सनच्या बाजूची आहे, सांगून टाकते. काकूही होत्या. पण दोनच आठवड्यांनी, वर जायच्या उरलेल्या एका जागेसाठीच्या प्लेऑफमध्ये त्याच डर्बीशी, बाहेर १-० जिंकून आल्यावर, घरच्या मैदानावर ४-२ हरून सगळं हातचं गेलं. स्टॉल आवरताना काकू रडत होत्या आणि रडतानाच म्हणाल्या, त्या गोलाचं मला काही वाटत नाही, आज बचाव गचाळ केला त्याचं वाटतं. शाहू स्टेडियमवर हरलेल्या संघाचा माणूस पंच, पाऊस, प्रतिस्पर्ध्यांचे बाहेरून आणलेले खेळाडू, सगळ्यांना दोष देऊन झाल्यावर घरी जातो. इथे कुणी पंचाचं नाव काढलं नाही. मला ते जरा बेचव वाटलं, खरं तर.

मी कोल्हापूरला परतले. पुढचं सगळं व्हॉट्सअॅपवर. १७ जुलै २०२०: लीड्स खेळतही नव्हतं, शेजारच्या हडर्सफील्डने शर्यतीतल्या वेस्ट ब्रॉमला हरवलं आणि सोळा वर्षांनी लीड्स वर गेलं. तेही कोरोनात, रिकाम्या खुर्च्यांपुढे. त्या तीन-चार महिन्यांत रेव्हीच्या संघातले नॉर्मन हंटर आणि जॅक चार्लटन दोघेही गेले होते. हंटर तर कोरोनानेच. पोरं बंदी मोडून स्टेडियमबाहेर जमली, काकूंना मुलाने घराबाहेर पडू दिलं नाही. त्यांनी खिडकीतून फटाक्यांचा व्हिडिओ काढून पाठवला, त्यात दिसत काहीच नाही, फक्त त्यांचा श्वास ऐकू येतो. तेव्हा आमच्याकडेही शाहू स्टेडियमला कुलूप होतं. हलगी नाही, शिव्या नाहीत. दादा म्हणाला, "ही काकू आपल्या गॅलरीत बसवाय पाहिजे."

लीड्समध्ये मग भिंती रंगल्या. एका चित्रात बिएल्सा रिओतल्या ख्रिस्ताच्या पुतळ्यासारखे हात पसरून उभा आहे. शहराच्या मध्यावर एका गल्लीला त्याचं नाव दिलं. पहिल्याच वर्षी वरच्या लीगमध्ये नववा क्रमांक. मँचेस्टर युनायटेडकडून ६-२ मार खाल्ला, तर मँचेस्टर सिटीला त्यांच्याच घरात दहा जणांनिशी २-१ हरवलं. बचाव करत बसणं त्याला ठाऊकच नव्हतं.

आणि तेच नडलं. दुसऱ्या वर्षी फिलिप्स, कूपर, बॅमफर्ड जखमी. प्रत्येकाने आपला माणूस धरायचा, तर एक दुवा निसटला की पुढे सगळं रान मोकळं. संघ छोटाच ठेवायचा हा त्याचा हट्ट, जानेवारीत कुणी नवा आला नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये पाच सामन्यांत वीस गोल खाल्ले. व्हिला तीन, एव्हर्टन तीन, मँचेस्टर युनायटेड चार, लिव्हरपूल सहा, टॉटनहॅम चार. २७ तारखेला त्याला काढला.

काढायलाच हवा होता का? मला वाटतं, हो. तो बदलणार नव्हता, आणि संघ तेव्हा खाली घसरणाऱ्यांच्या दोनच गुण वर होता. शेवटच्या दिवशी कसाबसा वाचला. पुढच्या वर्षी मात्र घसरलाच. म्हणजे काढून जे मिळवलं ते एका वर्षापुरतं. काकूंना मी हे लिहिलं तर त्यांनी दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग एक लांबलचक व्हॉइस मेसेज: तू म्हणतेस ते हिशेबाने बरोबर आहे. पण नंतरच्या माणसांनी सामने वाचवले, आणि मी ते सामने विसरले. २०२५ मध्ये डॅनियल फार्केच्या हाताखाली लीड्स शंभर गुण घेऊन पुन्हा वर आलं, बिएल्साच्या वेळी त्र्याण्णव होते. काकू फार्केबद्दल चांगलंच बोलतात, सभ्य आहे म्हणतात. जावयाबद्दल बोलावं तसं.

इकडे आमच्या घरात बिएल्सा नव्याने शिरला तो उरुग्वेमार्गे; लीड्सनंतर तो त्यांच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला होता. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याच्या उरुग्वेने ब्राझीलला २-० हरवलं. दादा अर्जेंटिनाचा भक्त, जाम खूश. महिन्याभरात, दिवाळीचा फराळ संपायच्या आत, पहाटे साडेपाचच्या मॅचला त्याच उरुग्वेने वर्ल्डकप जिंकलेल्या अर्जेंटिनाला ब्यूनोस आयर्समध्ये २-० हरवलं. मेस्सी खेळत असताना. गोल अराउहो आणि नुन्येसचे. शेवटच्या गोलाला मी ओरडले तर दादाने माझ्यापुढची चकलीची ताटली उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

त्यानंतर सगळं गोडच झालं असं नाही. राष्ट्रीय संघातून निवृत्त झाल्यावर उरुग्वेच्याच सुआरेझने त्याच्याविरुद्ध उघड तोंड उघडलं, खेळाडूंशी तो धड बोलतही नाही वगैरे. गेल्या नोव्हेंबरात अमेरिकेने उरुग्वेला ५-१ धुतलं. काकूंचा मेसेज आला, पुन्हा तेच, माणसामागे माणूस. खाली हसणारा चेहरा.

आता २०२६ च्या वर्ल्डकपला उरुग्वे आहे, म्हणजे आमच्या चौकात वाद आहे. मेस्सीचा कटआउट ठरलेला, रोनाल्डोवाले त्यांचा वेगळा लावणार. मी म्हटलं, बिएल्साचा लावू. मंडळाची पोरं माझ्याकडे बघतच राहिली. "कोचचा? अगं ताई, आपल्या कोचचा कधी लावला न्हाई आपण," एक जण म्हणाला. ते खरंच होतं. पप्पा मध्ये पडले आणि तडजोड झाली: कटआउट नाही, मेस्सीच्या पायाशी एक छोटा फ्लेक्स. खर्च माझा. बादली दाखवायला हरकत नाही. मजकूर मात्र छापायच्या आधी दादाला वाचायला द्यायचा, अर्जेंटिनाचा त्यात उल्लेख आलेला त्याला चालणार नाही.