एटीव्ही घरी येण्यापूर्वी

पन्हाळ्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या उसाच्या रानात पावसाळ्यात दुचाकी रुतते, म्हणून यंदा पहिली एटीव्ही, म्हणजे चिखल-खडबडीत जमिनीवर चालणारी, दुचाकीसारखे हँडल असलेली चारचाकी, घेण्याचे ठरवले आहे. भारतात बहुतेक एटीव्हींची रस्त्यावरील वापरासाठी नोंदणी होत नसल्याने ती ट्रॉलीतून आणावी लागेल आणि बांधाच्या आतच चालवावी लागेल, हे घरच्यांना आधीच सांगितले आहे. हेल्मेट घेतले. टायरमधील हवेचा दाब अनेकदा 5 ते 7 पीएसआय इतका कमी असतो व मोटारीच्या मापकावर तो नीट कळत नाही, त्यामुळे कमी दाबाचा वेगळा मापकही आणला. एका आसनाच्या गाडीवर मागे कोणालाही, अगदी हट्ट करणाऱ्या पुतण्यालाही, बसवायचे नाही, कारण चढावर पुढे झुकण्यासाठी आणि वळणावर आत कलण्यासाठी चालकाला आसनावर मोकळी जागा लागते.