तुम्ही विचारलंत म्हणून: पतंग मारता कशाला?

रात्री दिव्यावर येणारे पतंग, म्हणजे किडे, गोळा करायला लावलेली चादर आणि दिवा गच्चीवर दिसला की सोलापुरात कुणीही विचारतं, "पतंग मारता कशाला? फोटोवरून नाव सांगता येत नाही का?"

येतं, काहींचं. डाळिंबात रात्री सोंड खुपसणाऱ्यांपैकी युडोसिमा मटेर्ना या जातीच्या मागच्या नारिंगी पंखावर मधोमध गोल काळा ठिपका असतो. तो पाहिला की मी पतंग सोडून देतो.

अडतं ते कायलो या खोडकिड्यांच्या गटापाशी. ज्वारीवरचा खोडकिडा पार्टेलस, उसावरचा इन्फस्कॅटेलस, कांड्या पोखरणारा सॅकरिफॅगस. सगळे पाचटाच्या रंगाचे. अळी पिकात सापडली तर अंदाज तरी बांधता येतो. दिव्यावर आलेला पतंग कुठल्या रानातला, कसं कळणार? मग पोट वेगळं करून कॉस्टिक पोटॅशमध्ये मऊ करायचं आणि जननेंद्रियांच्या कठीण भागांची घडण सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. "एका पायावरून डीएनए काढा की," असंही ऐकवतात. अहो, तो ज्या नमुन्याशी जुळवायचा, त्याला नाव देताना कुणीतरी पोट उघडलेलंच असतं!

हे सगळं मी काकांनाही ऐकवलं होतं. पंढरपूरजवळ त्यांचा ऊस आहे, आणि काका माळकरी. रात्री बांधावर बॅटरी धरून ते उभे होते, माझ्या हातातल्या बरणीत पतंग फडफडत होता.

"थांबला का रे?"

थांबला होता. त्यांनी आणखी काही विचारलं नव्हतं, तरी मी सुरू झालो. काका, तुम्ही फवारता त्यात किती मरतात? कामगंध सापळ्यात प्रत्येक जातीची ल्यूर, म्हणजे नरांना ओढणारं मादीच्या गंधाचं आमिष, वेगळी, भलतीच लावली तर नर फिरकणार नाहीत. मग नाव नको का कळायला?

काकांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "फवारून आलो की त्या दिवशी हरिपाठाला बसायची लाज वाटते मला. तुला वाटते का?"

मी बरणीचं झाकण घट्ट करत राहिलो. घरी येऊन पोट उघडलं तर मादी निघाली, अंड्यांनी गच्च भरलेली. काकांना हे अजून सांगितलेलं नाही.

त्या वेळचा मी 'शास्त्र' एवढा एक शब्द उच्चारून मोकळा झालो असतो. आता तसं होता येत नाही. पण बरणीही टाकलेली नाही, आणि इन्फस्कॅटेलस ओळखायची दुसरी वाट मला कुणी दाखवलेली नाही. लागतील तेवढेच घेतो, असं सांगतो खरा. किती लागतात ते ठरवणारा मात्र मीच असतो.