पाणी कुठनं भरायचे?

बेळगावकराला किल्ल्याचं अप्रूप नसतं. शहरातच खंदकासकट एक किल्ला आहे. येळ्ळूरचा राजहंसगड तर संध्याकाळी भडंग बांधून घेऊन जाऊन यायचा. समुद्रातला किल्ला बघायचा म्हटलं की मात्र घरात आधीपासूनच गडबड सुरू होते. गाडी आली, घाट आला, होडी आली आणि आईच्या गुडघ्यांचा विषय आला.

हिंडलगा, शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली, सावंतवाडी. इंग्रजांच्या काळात बेळगावच्या लष्करी छावणीचं सामान वेंगुर्ला बंदरात उतरून याच घाटानं वर यायचं. आमच्या घरी आंबोली म्हणजे गाडी लागणाऱ्यांसाठी थांबायची जागा. बाकी वाटेबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पोरं भांडली, वैनींनी दोघांनाही समान फटके दिले.

मालवणच्या धक्क्यावरून होडी सुटते आणि समोर सिंधुदुर्ग दिसतो. सगळी तटबंदीच, दार कुठं दिसतच नाही. होडी अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या मध्ये वळण लागतं आणि त्या वळणात दरवाजा. हा दरवाजा ज्याला सुचला त्याला मी मनात नमस्कार केला. आमच्या कॉलनीत घर बांधताना लोक गेट रस्त्यावरून दिसावं म्हणून धडपडतात.

आत गेल्यावर गाईडनं सुरुवात केली. कुरटे बेट, १६६४ साली मुहूर्त, १६६७ साली काम पूर्ण. अठ्ठेचाळीस एकर जागा, सुमारे तीन किलोमीटरचा तट, पायात ओतलेलं शिसं. दरवाजाजवळच्या घुमटीत चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे. शिसं म्हटल्यावर आम्ही सगळे पुरुष माना हलवायला लागलो. शिशातलं आम्हाला काय कळतंय, पण अशा ठिकाणी माना हलवायच्या असतात.

आईनं मात्र सरळ विचारलं, "काय रे तम्मा, एवढी माणसं रहायची तर पाणी कुठनं भरायची?"

गाईडचा सगळा नूरच पालटला. "आजी, गोडा पाणी आसा हय," म्हणत तो आम्हाला विहिरींकडे घेऊन गेला. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूकडून खारा समुद्र आणि मधे तीन गोड्या विहिरी. वैनींनी ओंजळभर पाणी चाखून बघितलं, मग आईनं. "राकसकोपपेक्षा गोड हाय," हा आईचा निकाल. राकसकोप म्हणजे बेळगावला नळाचं पाणी पुरवणारं धरण. उन्हाळ्यात नळाची वाट बघून कंटाळलेल्या बाईचा निकाल असल्यामुळं तो मी जरा पक्षपाती धरतो.

यात जादू नाही. बेटावर पडणारा पाऊस जमिनीत मुरतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते खाऱ्यावर तरंगून राहतं. विहीर बेताची खोल असावी आणि उपसाही बेतानं व्हावा, एवढंच. हाव केली की खालचं खारं वर येतं. तोफांनी किल्ला लढतो हे खरं, पण वेढा पडल्यावर तो टिकतो ते या तीन विहिरींच्या जोरावर. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर आठवा. १९२४ चं बेळगावचं काँग्रेस अधिवेशन तर दोन दिवसांचं, तरी आधी विहीर खोदली. माणसं जमवायची ज्याला अक्कल आहे तो पाण्यापासून सुरुवात करतो, हे माझं मत झालं ते इथं.

पुढं शिवराजेश्वराचं देऊळ. राजाराम महाराजांनी बांधलेलं. आत शिवाजी महाराजांची मूर्ती, दाढी नसलेली, डोक्यावर कोळ्याची टोपी. पोरं गोंधळली. कॅलेंडरवरच्या महाराजांशी काही जुळेना. देवळापलीकडं माणसांची घरं आहेत. अजून काही कुटुंबं किल्ल्यावरच राहतात. एका परसात लुगडं वाळत होतं. आई तिथल्या बाईशी बोलत बसली ती उठेचना. पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्या बंद, मग सामान कसं आणता, दुखलं-खुपलं तर काय करता, मीठ-मिरची कधी भरून ठेवता. २०२५ साली युनेस्कोनं सिंधुदुर्गासह बारा मराठा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्याचं आम्हाला कौतुक. त्या बाईला कौतुक यंदा आमसुलं चांगली वाळली याचं. तिनं थोडी पुडीत बांधून दिलीसुद्धा. आईनं कुंद्याचा डबा पुढं केला, व्यवहार फिटला.

परतीच्या होडीत पुतण्यानं जाहीर केलं, यंदा दिवाळीत अंगणात सिंधुदुर्गच करायचा. आमच्याकडं दरवर्षी गल्लोगल्ली मातीचे किल्ले होतात, पण सगळे डोंगरी. पोती, दगड, लाल माती, वरून पेरलेले अळीव. यात समुद्र कसा करायचा, यावर सावंतवाडीपर्यंत चर्चा चालली. निळी रांगोळी की ताडपत्री टाकून खरं पाणी? खऱ्या पाण्यात मातीचा तट रात्रीत विरघळणार, हे धाकटीनं ओळखलं. मग सिमेंट आलं, सिमेंटवरून खर्च आला, खर्चावरून वैनी आल्या.

"ते तुमचं तुम्ही बघा," आई मागून म्हणाली, "पण विहिरीला करवंट्या मी देते. तीन लागतील की."