सुरणाचं फूल तापतं

पावसाच्या तोंडावर परसात सुरण फुलला की आधी नाकाला कळतं, घरातले मेलेला उंदीर शोधत बसतात आणि मागे जाऊन बघावं तर जमिनीलगत वांगी रंगाचं ते भलंमोठं प्रकरण उभं. वास माहितीये सगळ्यांना, पण हे फूल तापतंही, ते फार कोणी हात लावून बघत नाही (कोण लावणार म्हणा!). तापल्यामुळे वास लांबवर जातो, सडक्यावर जगणारे किडे फसून येतात आणि परागीभवन उरकतं.

पण तेव्हा झाडाला पान नसतंच, मग उष्णता कुठून? तर गेल्या पावसाळ्यात त्या एकुलत्या एका पानाने जे ऊन पकडून स्टार्च करून कंदात ठेवलं तेच आता जळतंय. थर्मोडायनॅमिक्सचा, म्हणजे उष्णता आणि ऊर्जेच्या शास्त्राचा पहिला नियम, ऊर्जा नव्याने तयार होत नाही.

दुसऱ्या नियमाने प्रत्येक रूपांतरात थोडी ऊर्जा उष्णता होऊन निसटतेच. आपले स्नायू बघा, जेमतेम 20-25 टक्के ऊर्जा कामी येते, बाकीची घाम काढते. सुरण मात्र हे निसटणं मुद्दाम वाढवतो. एरवी मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरात, अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन पायरी-पायरीने उतरतात, त्या ऊर्जेवर प्रोटॉन पडद्यापलीकडे ढकलले जातात आणि ते परत येताना एटीपी, म्हणजे पेशीला कामासाठी लागणारं इंधन, बनतं. अल्टरनेटिव्ह ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम इलेक्ट्रॉनला मधूनच शॉर्टकट देतं, म्हणजे पुढचे प्रोटॉन ढकललेच जात नाहीत, एटीपी कमी आणि उष्णता जास्त. हे एन्झाइम असतं सगळ्याच झाडांत, पण सुरण-अळूच्या कुळातल्या अशा फुलांत ढिगाने. तान्ह्या बाळाच्या ब्राउन फॅटमध्ये, म्हणजे ऊब देणाऱ्या खास चरबीत, वेगळी युक्ती, तिथे प्रोटॉन ढकलले जातात पण एटीपी न बनवताच परत गळतात, म्हणून बाळ न कुडकुडता ऊबदार राहतं.

आणि कमळ तर कहर आहे. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या बोटॅनिक गार्डनमध्ये रॉजर सेमूर या संशोधकांनी मोजलं, 1996 साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात छापून आलं, हवा 10 अंश असो की 30, फूल आपलं 30 ते 36 च्या मध्येच. गार पडलं की जास्त जाळायचं, ऊन वाढलं की कमी. लक्ष्मी उगाच नाही बसली त्यावर! भुंगा रात्रभर कमळात अडकतो असं आपण ऐकत आलोय, पण आत गेलेल्या किड्याचा फायदाच दिसतोय, अंग तापवायला त्याला स्वतःचं इंधन कमी जाळावं लागतं, बिल कमळ भरतंय.